भासऱ्यांचे पांढरे बूट

आमच्या भासऱ्यांइतका सावकाश माणूस सबंध झाडीपट्टीत कोणी पाहिला नसेल. भासरे म्हणजे माझ्या मालकांचे थोरले भाऊ. त्यांच्या सावकाशीला आळस म्हणता येणार नाही, कारण ते सगळ्यांच्या आधी उठत आणि दिवसभर काही ना काही करत असत. फक्त जे करत ते असं करत, जणू त्यानंतर जगात दुसरं काही करायचं उरलेलंच नाही. त्यांनी विहिरीत बादली सोडली की ती वर येईपर्यंत शेजारची बाई आपली दोन गुंडं भरून, घरी ठेवून, पुन्हा पाण्याला येई. सावली गावाला जाणाऱ्या एसटीचा कंडक्टर त्यांना दुरून येताना पाहिलं की घंटी मारतच नसे. तो खाली उतरून विडी पेटवी. विडी संपायला आणि हे पोचायला एकच गाठ पडे. "या भाऊ, काई घाई नाई," तो वैतागून म्हणे, आणि भासरे ते खरं मानून दारात उभ्या उभ्या त्याच्या पोराबाळांची चौकशी करत. एकदा उन्हाळ्यात गावातले चार-पाच जण मोहफुलं वेचायला रानात गेले होते, त्यात हेही होते. तिथं झुडपातून अस्वल निघालं. बाकीचे टोपल्या टाकून जे पळाले ते थेट गावात. आमच्या जाऊबाईंनी, म्हणजे भासऱ्यांच्या बायकोने, दारात बसून मोठ्याने रडायला सुरुवात केली. निम्मा गाव जमला. बऱ्याच वेळाने भासरे आपली टोपली भरून, वर दुसऱ्यांनी टाकलेल्या टोपल्यांतलाही मोह गोळा करून, नेहमीच्या चालीने आले. "अस्वल कुठी गेलं?" लोकांनी विचारलं. "गेलं आपल्या कामाले," ते म्हणाले. "चार फुटाच्या आतच होतं. घेर मात्र चांगला होता."

हा घेर त्यांच्या नोकरीतून आला होता. रस्त्याच्या कडेला लाकडाचा डेपो होता, तिथं ते मापं घ्यायला होते. जंगलातून माल उतरला की प्रत्येक लाकडाची लांबी घ्यायची, बरोबर मध्यावर टेप गुंडाळून घेर घ्यायचा, सालीपोटी थोडी सूट धरायची आणि खडूने आकडा मारायचा. तीस वर्षं हेच केल्यामुळे त्यांना जगात लाकडाशिवाय दुसरं काही दिसत नसावं. टेप कायम खिशात. बाजारातून भोपळा आणला तर आधी त्याचा घेर घेत. पाहुणा दारात वाकून आत आला की त्याची लांबी मनात लिहून ठेवत. मुलीसाठी कुरखेड्याचा मुलगा पाहायला गेले तेव्हा सगळ्यांनी शेतीवाडी विचारली, शिक्षण विचारलं. हे गप्प. शेवटी मुलाच्या बापानेच विचारलं, "भाऊ, तुमाले कसा वाटला पोरगा?" तर म्हणाले, "सरळ आहे. गाठ दिसत नाई, पोकळ नाई. घ्याले हरकत नाई." लग्न झालं आणि मुलगा खरोखरच सरळ निघाला. त्यानंतर त्यांना कोणी काही शिकवायला जाणं बंदच झालं.

मी मात्र या माणसाशी अठरा वर्षांत एक शब्द बोलले नव्हते. भांडण मुळीच नव्हतं. आमच्याकडे चालच तशी. धाकट्या भावाच्या बायकोने भासऱ्याच्या समोर उभं राहायचं नाही, बोलायचं नाही, त्याला शिवायचं नाही, चुकून शिवलं तर दोघांनीही अंघोळ करायची. विहारात वंदनेला सगळे एकत्र बसायचो, एका सुरात म्हणायचो, पण घरी आलं की मी पदर पुढे ओढून आत आणि ते बाहेर. जाऊबाई होत्या तोवर अडचण नव्हती. भासरे जाऊबाईंना सांगत, जाऊबाई मला सांगत. जाऊबाई गेल्या तेव्हा घरात आम्ही तिघंच उरलो, आणि मालक तर चार-चार दिवस कामावर बाहेरगावी. मग भासरे वस्तूंशी बोलू लागले. दाराच्या खांबाला सांगत, "मी आज डब्बा नेत नाई." चुलीकडे तोंड करून म्हणत, "पाहुणा येऊन राह्यला, भात जास्त टाकजो." आणि पुढे शेळी आली तेव्हा तर फारच सोय झाली. एकदा जेवताना तिला म्हणाले, "काय वो चंदी, आज वरणात मीठ दोघींनी टाकलं काय?" मी आतून म्हटलं, "चंदे, ज्यानं मीठ आणलं त्याले सांग, खडे मोठे आणत जाऊ नोका." ते जेवताना हसत नसत, पण त्या दिवशी त्यांना ठसका लागला. शेळी बिचारी दोघांकडे पाहत चारा खाई.

असे दिवस चालले असताना त्यांना सारखी तहान लागू लागली, वजन उतरलं. मालक त्यांना ब्रह्मपुरीच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी सांगितलं की रक्तात साखर आहे. गोळ्या दिल्या, गूळ बंद केला, भात अर्धा केला, आणि म्हणाले की रोज घाम फुटेपर्यंत चाला. शेवटी बजावलं ते मालकांनी घरी येऊन मला दोनदा सांगितलं: "पायाले जखम होऊ देऊ नोका म्हणते. या आजारात पायाले काही समजत नाई. जखम चिघळली त बोट कापा लागते."

भासऱ्यांनी यातलं घाम फुटेपर्यंत चालणं मनावर घेतलं. दुसऱ्या दिवशी उठून तळ्यापर्यंत चालत गेले आणि चालत आले. घाम आला नाही. त्यांच्या चालीने ते चंद्रपूरला जाऊन आले असते तरी आला नसता. तिसऱ्या दिवशी त्यांनी खांबाला सांगितलं, "चालून होत नाई. धावा लागन."

वय वर्षं चोपन्न, आणि जन्मात कधी न धावलेला माणूस. ते पहिल्या दिवशी धोतर खोचून तळ्याच्या रस्त्याने धावले तेव्हा काय झालं ते अजून गावात सांगतात. पाटलाच्या गड्याने त्यांना पळताना पाहिलं. अस्वलासमोर न पळालेला माणूस पळतो आहे म्हणजे काय असेल, असा विचार करून तो बैल सोडून मागे पळाला. त्याला पाहून धुणं धुणाऱ्या बाया पळाल्या. कोणी म्हणालं डेपोला आग लागली, कोणी म्हणालं वाघ. बादल्या घेऊन माणसं, काठ्या घेऊन माणसं, सगळे भासऱ्यांच्या मागे. तळ्यावर पोचून ते थांबले, मागे वळून पाहिलं, आणि धापा टाकत म्हणाले, "तुमालेबी डाक्टरनं सांगतलं काय?"

धावायचं ठरलं, पण पायात काय घालायचं हा प्रश्न महिनाभर सुटला नाही. अनवाणी धावले तर काटे. चपला घातल्या तर एक चप्पल रस्त्यातच राही आणि ते पुढे जात, मग परत येऊन शोधत. टायरच्या चपला जड होत्या. डेपोतल्या एका गार्डाने आपले पावसाळी प्लास्टिकचे बूट दिले. त्यांतून असा आवाज येई की पोरं घराबाहेर येऊन उभी राहत. शेवटी शाळेच्या मास्तरांनी सांगितलं की पीटीला घालतात ते पांढरे कापडी बूट घ्या, ब्रह्मपुरीला मिळतात.

त्या बाजाराला मीही बरोबर गेले, कारण मला लुगडं घ्यायचं होतं. मालक आणि भासरे दुकानात शिरले, मी पायरीवर पाठ करून बसले. कान मात्र आत होते.

"बसा काका. पाय द्या, नंबर पायतो," दुकानदार म्हणाला.

"पाय कायले पायजे? माप आणलं ना मी," भासरे म्हणाले. त्यांनी तळहात पुढे केला. सकाळी डेपोत माप घेऊन खडूने हातावर आकडे लिहून आणले होते. आता हे मापही त्यांनी कसं घेतलं होतं, तर एकाच पायाचं, उजव्या. लांबी घेतली, आणि मग पावलाच्या बरोबर मध्ये टेप गुंडाळून घेर घेतला. मोजे घालून मापलं, म्हणून मोजा म्हणजे साल समजून त्याची सूट वजा केली.

दुकानदाराने आकडे पट्टीवर लावून पाहिले, सात नंबर निघाला. "काका, इतकं बारीक पाऊल तुमचं दिसत नाई. घालून त पाहा एकदा."

"तू दुकानात किती वर्षं आहेस?"

"सात."

"मी मापात तीस वर्षं आहो. लाकूड काही घरात बसवून पाहून विकत घेत नाई कोनी. सात नंबर दे."

मालक म्हणाले, "दादा, घालून पाहाले काय जाते?" भासऱ्यांनी त्यांच्याकडे असं पाहिलं असणार की ते गप्प झाले. मला ते न बघताही समजलं.

मला त्या क्षणी पाठमोरी बसल्या बसल्या ठाऊक होतं की ते बूट डाव्या पायाला होणार नाहीत. यात माझी काही हुशारी नव्हती. अठरा वर्षं रोज सकाळी मी अंगण सारवत होते. ओल्या सारवणावरून पहिला जो जातो त्याचं पाऊल उमटतं, आणि आमच्या घरी पहिले जाणारे भासरेच. त्यांच्या तोंडाकडे मी कधी नीट पाहिलं नव्हतं, पण त्यांचं पाऊल मला माझ्या तळहातासारखं पाठ होतं. डावा पाय उजव्यापेक्षा बोटभर लांब. त्याची करंगळी बाकीच्या बोटांशी पटत नसल्यासारखी वेगळी, बाहेर निघालेली. हे घरात मला एकटीला माहीत होतं. बहुतेक त्यांनाही नव्हतं.

मी मालकांना घरी आल्यावर सांगितलं. ते म्हणाले, "तीस वर्षं माप घेनाऱ्याले मी पायाचं माप शिकवू? जोडा फेकून मारन मले." मग मी शेळीला सांगितलं, चांगलं मोठ्याने, ते ओट्यावर बसले असताना: "चंदे, डावा पाय मोठा आहे मनाव. बूट बदलून आणा मनाव." ओट्यावरून उत्तर आलं, "चंदी, तुले चार पाय आहेत, तू आपले सांभाळ." आणि ते स्वतःच्या विनोदावर खूश झाले. शेळीकडून सांगितलेल्या गोष्टीची हीच अडचण होती. मिठापर्यंत ठीक होतं, त्यापुढे कोणी ती खरी मानत नसे.

बूट घालून ते धावू लागले. पांढरे बूट, खोचलेलं धोतर, खिशात टेप. धावत म्हणजे फार जोरात नव्हे, गुरं चारायला नेणाऱ्या बाया त्यांच्याशी बोलत बोलत बरोबर चालत. पण घाम फुटू लागला, आणि त्यांना त्याचं असं कौतुक वाटे की घरी येऊन खांबापुढे उभे राहून कपाळ पुसत. पुढे सावलीत पन्नाशीवरच्यांची धावण्याची शर्यत ठेवली आहे असं डेपोत कोणीतरी सांगितलं, आणि यांनी नाव दिलं. डेपोतले लोक हसले. "भाऊ, तुमी आज निघा, म्हंजे शर्यतीच्या दिवशी सुरुवातीच्या जागी पोचान," असं म्हणाले. भासरे घरी आले आणि खांबाला म्हणाले, "हसू दे. धावतो म्हंटलं त धावतो." इतक्या ठामपणे त्यांना काही हवंसं वाटल्याचं मी तोवर पाहिलं नव्हतं.

शर्यतीच्या सकाळी मालक घरी नव्हते, आदल्या दिवशीच कामानिमित्त सावलीला गेलेले, ते तिथंच भेटणार होते. मी अंगण सारवून बाजूला झाले. भासरे अंघोळ करून अनवाणी अंगणातून ओट्याकडे गेले. बूट तिथं ठेवलेले होते. मी बादली उचलायला वाकले आणि पाहिलं. उजवं पाऊल नेहमीचं. डाव्या पावलाच्या करंगळीच्या जागी लाल ठिपका. पुढच्या पावलातही. त्याच्याही पुढच्या.

त्यांना काहीच कळलं नव्हतं. ते ओट्यावर बसून मोजा झटकत होते. त्यांना सावलीला न्यायला आलेला जीपवाला रस्त्यावर भोंगा वाजवत होता.

मी खांबामागून म्हटलं, "चंदे, त्याहिले सांग, डाव्या पायातून रक्त येऊन राह्यलं."

"चंदी, आज तरी अपशकून नोको करू," ते हसत म्हणाले आणि मोज्यात पाय घालू लागले.

डॉक्टरांचं बोलणं मालकांनी मला दोनदा सांगितलं होतं. मी काही विचार केला नाही. केला असता तर आजही खांबामागेच उभी असते. मी पुढे आले, ओट्यासमोर उभी राहिले. त्यांना काय म्हणून हाक मारायची तेही ठाऊक नव्हतं, तशी वेळच आली नव्हती. म्हणून नुसतं म्हटलं, "थांबा!" आवाज एवढा मोठा निघाला की शेळी उठून उभी राहिली आणि रस्त्यावरचा भोंगा बंद झाला. "बूट नोका घालू. करंगळी फुटली. बोट कापा लागन तुमचं!"

भासऱ्यांनी आधी शेळीकडे पाहिलं. मग खांबाकडे. मग इलाज नव्हता म्हणून माझ्याकडे. माझा पदर खांद्यावर पडला होता आणि मला तो ओढायचं सुचत नव्हतं. त्यांनी हळूच मोजा काढला, पाय गुडघ्यावर घेतला आणि करंगळी पाहिली. कातडी सोलून गेली होती. आपल्याच पायाकडे ते परक्याचा माल पाहावा तसे बराच वेळ पाहत राहिले.

"केव्हापासून?" त्यांनी विचारलं. थेट मलाच.

"मले आज दिसलं. पण बूट लहान आहे ते पहिल्या दिवसापासून मालूम आहे."

"कसं काय?"

मी अंगणाकडे बोट केलं. ते उतरले, एका पायावर लंगडत सारवणाच्या कडेला आले, खिशातून टेप काढला आणि वाकून आधी उजव्या पावलाचं, मग डाव्या पावलाचं माप घेतलं. पुन्हा एकदा घेतलं. मग टेप गुंडाळत म्हणाले, "पाऊण इंच. तीस वर्षं दुनियेचं माप घेतलं गा मी." गा त्यांनी कोणाला म्हटलं कोणास ठाऊक. गा पुरुषाला म्हणतात, मला नाही आणि शेळीलाही नाही.

मी उकळलेलं पाणी आणि धुतलेलं फडकं ओट्याच्या कडेला ठेवून मागे सरले, त्यांनी स्वतःच पाय धुतला, फडकं बांधलं. जीपवाल्याला म्हणाले, "सावली नाई. ब्रह्मपुरी." डॉक्टर जखम पाहून खूप रागावले म्हणे, आणि त्यांनी आठ दिवस रोज पट्टी बदलायला बोलावलं. अजून थोडे दिवस धावले असते तर करंगळी गेलीच होती, असं म्हणाले. डेपोतले लोक हसायचे ते हसले. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे भासऱ्यांनी भिऊन पाय दुखल्याचं सोंग केलं होतं. पण शर्यत गेल्याचं भासऱ्यांना लागलं होतं, ते मला त्यांच्या ताटात उरलेल्या भातावरून समजलं.

पाय बरा झाल्यावर एका सकाळी मी सारवून उठले, तर भासरे कडेला उभे. "जुना पेपर आहे काय घरात?" त्यांनी विचारलं. मी पेपर आणला. ते सारवणावरून दोन पावलं चालले आणि बाजूला झाले. मी पेपर ठशांवर दाबला, कोळशाने कड ओढली, कात्रीने कापून दोन्ही पावलं ओट्यावर ठेवली. मी त्यांना शिवले नाही, त्यांनी मला शिवलं नाही, चाल शाबूत राहिली. ती कागदाची पावलं घेऊन ते दुकानात गेले, आणि दुकानदाराला म्हणाले म्हणे, "हे घरचं माप आहे. यात सूट नाई." डाव्या पायाला बसतील असे नऊ नंबरचे आणले, उजव्यात मी जुन्या लुगड्याची घडी शिवून दिली. पुढच्या वर्षी ते त्या शर्यतीत धावले आणि शेवटून दुसरे आले. शेवटचा जो होता तो म्हातारा मधेच चहा प्यायला थांबला होता. पण भासरे शेवटून दुसरे, हे सावलीत फळ्यावर लिहिलेलं मालकांनी पाहिलं.

नंतर आम्ही खूप बोलू लागलो असं कोणाला वाटेल. तसं काही झालं नाही. मिठाचं, पाहुण्यांचं पुन्हा शेळीच्या हवाली गेलं, आणि मला तेच बरं वाटलं. फक्त रोज सकाळी बूट बांधून झाले की ते माझ्याकडे वळून म्हणत, "जातो." मी म्हणे, "या." दिवसाचं आमचं एवढंच थेट बोलणं. अर्ध्या-पाऊण तासाने ते घामाघूम होऊन येत. असं नोकरी संपेपर्यंत चाललं.

पेन्शन झाल्यावर मुलीने त्यांना कुरखेड्याला बोलावून घेतलं. तिथं नातू होता, दवाखाना जवळ होता. मालकांनी ट्रंक एसटीवर चढवली. मी फाट्यावर थोडी बाजूला उभी होते. भासरे दाराच्या पायरीवर पाय ठेवून थांबले, कंडक्टरने विडी काढली. चार लोकांसमोर ते माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "जातो."

मी म्हटलं, "या."

गाडी वळणाआड गेली तरी मी तिथंच उभी होते. हा शब्द मी रोज अर्ध्या तासात परत येणाऱ्या माणसाला म्हणत होते. जाणाऱ्याला म्हणायचा दुसरा काही असेल तर तो मला आजही सुचलेला नाही.